एक्केचाळीस नंबरचा पेपर

मौकिर्शा,
रविवार, ३ ऑक्टोबर १९९३

प्रिय मामा,

प्रभूमध्ये सलाम. तुम्ही पाठवलेली चहाची पुडी आणि मामींनी विणलेला मोजा पोचला. मोजा एकच आला आहे. दुसरा वाटेत कुणाच्या पायात गेला की अजून विणून व्हायचाय, ते मामींना विचारून कळवा.

आई जाऊन दहा महिने झाले. घराच्या किल्ल्या अजून कमरेला जड लागतात. आपल्या खासी रितीप्रमाणे धाकटी मुलगी म्हणून घर-जमीन माझ्याकडे आली, पण ती सांभाळायची अक्कल काही त्या जुडग्यात नव्हती. थेइलिनताई शेजारूनच रोज येते, "आई असं करत नसे" एवढं सांगते आणि जाते.

आता मुद्द्याचं. गेल्या मंगळवारी बाह स्टारवेल जीप घेऊन आले होते, ते चुनखडीचे ठेकेदार, ज्यांना गाव मानाने 'बाह' म्हणतं. त्यांना आपली मागची टेकडी हवी आहे, वीस वर्षांसाठी. वर्षाला चाळीस हजार देतो म्हणाले. सुरुंग लावून दगड काढणार आणि सीमेपलीकडच्या सिमेंटच्या कारखान्याला पाठवणार. बोर्लांगदादाने त्यांना तीनदा पान-सुपारी दिली, यावरून त्याच्या मनात काय आहे ते समजा. मी विचारलं, टेकडीच्या पोटातून जो झरा येतो त्याचं काय? तर म्हणाले, "त्यात काय, नळ टाकून देऊ!" नळात पाणी कुठून येणार, ते विचारायचं राहून गेलं.

मी त्यांना सांगितलं, आमच्या घरात मामांच्या शब्दाशिवाय टेकडीवरचं गवतसुद्धा विकत नाहीत. तेव्हा तुम्ही म्हणाल तसं.

उजवा गेल्यापासून सगळा भार ज्याच्यावर आहे, तो तुमचा डावा डोळा कसा आहे? यंदाच्या पावसात तुमचं छप्पर फार गळलं असं दादा म्हणाला. माणूस खर्चाचं बोलत नाही, पण खर्च असतोच, हे मलाही कळतं.

३१ तारखेला चर्चच्या शब्बाथशाळेची परीक्षा आहे. आमच्या मोठ्यांच्या वर्गात बावन्न जण आहोत. सगळ्यांत थोरली विद्यार्थिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि सगळ्यांत जास्त कॉपी तीच करते.

तुमची भाची,
दाप्लिन

—

मावखार, शिलाँग,
१४ ऑक्टोबर १९९३

प्रिय दाप,

तुझ्या मामीने एकच मोजा विणला आहे. म्हणते, दोन्ही एकदम दिले तर पोरगी आभार मानून गप्प बसेल. एक दिला तर पत्र लिहील. तिचा अंदाज बरोबर निघाला.

टेकडीचं वाचलं. बाह स्टारवेल इकडेही येऊन गेले. टोपलीभर संत्री आणली होती. चव ओळखीची वाटली म्हणून विचारलं, तर मौकिर्शाचीच निघाली. म्हणजे भाचीकडून विकत घ्यायची आणि मामाला भेट द्यायची! धंदा यालाच म्हणतात.

आपल्या पूर्वजांनी किल्ली भाचीच्या कमरेला बांधली आणि शब्द मामाच्या तोंडात ठेवला. दोघांपैकी एकाला तरी अक्कल असेल असा त्यांचा हिशेब असावा. पण मी चाळीस वर्षं बायकोच्या घरी राहणारा म्हातारा. त्या टेकडीचा ना मला वाटा, ना माझ्या मुलांना; मुलं त्यांच्या आईच्या कुळाची. मग "नाही" म्हणून मोकळा व्हायला माझं काय जातं? चूल तुला पेटवायची आहे. म्हणून आधी तू सांग, तुझ्या मनात काय आहे? बोर्लांग मागच्या आठवड्यात आला होता. तो म्हणाला, दाप्लिनला पक्कं घर बांधायचंय, पण ती तोंडाने बोलायची नाही. असं असेल तर लाजू नकोस.

परीक्षेची काळजी करू नकोस, आणि वशिल्याची आशाही ठेवू नकोस. नातेवाइकांचे पेपर तपासायचे नाहीत असा नियम आहे. मला पश्चिमेकडच्या चर्च-मंडळ्यांचे गठ्ठे येतात. तिथले लोक शलमोनाला दाविदाचा बाप करतात.

छप्पर ठीक आहे. डोळाही ठीक आहे.

तुझा मामा,
द्रोसिंग

—

मौकिर्शा,
२ नोव्हेंबर १९९३

प्रिय मामा,

परवा परीक्षा झाली. बाकीचं सोपं होतं. शेवटचा प्रश्न वीस गुणांचा होता: "देव शलमोनाला स्वप्नात म्हणाला, माग, मी तुला काय देऊ? आज रात्री त्याने हेच तुम्हाला विचारलं, तर काय मागाल? खरं लिहा." ते "खरं लिहा" कुणी घातलं असेल? सगळे पेन चावत बसले. ताईने पाच मिनिटांत लिहून पेपर दिला आणि बाहेर जाऊन रडत बसली. विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात. चर्चमध्ये कुठला आलाय धूर!

मी काय लिहिलं ते सांगत नाही. नाव नसतं, फक्त नंबर असतो, तेव्हा कुणाला कळणार नाही.

टेकडीचं तुम्ही माझ्यावर सोपवलंत, मामा. सगळ्यांच्या मनात असेल तर माझ्याही मनात आहे असं समजा. घराच्या भिंतीत वाळवी लागली आहे हे खरं. दादाला पिकअप गाडी घ्यायची आहे, तोही किती वर्षं लोकांच्या गाड्या चालवणार? आणि तो म्हणतो, मामांचीही इच्छा आहे, पण भाचीपुढे गरज कशी सांगणार. मामा, माझ्यापुढे संकोच करू नका.

४ डिसेंबरला, शनिवारी, आपल्या घरी सगळं कुळ बसणार आहे. तुम्हाला डोळ्यामुळे प्रवास जमायचा नाही म्हणून दादा येऊन तुमचा लेखी शब्द घेऊन जाईल. बाह स्टारवेल कागद तयार करूनच येणार आहेत.

उरलेली संत्रीही आता पिकली आहेत. झऱ्याजवळच्या झाडांना यंदा सर्वांत जास्त धरली आहेत. हे उगीच लिहिलं.

दाप्लिन

—

मावखार,
२५ नोव्हेंबर १९९३

प्रिय दाप,

बोर्लांगकडे बंद पाकीट दिलं आहे. ते सगळ्यांसमोर फोडायचं. त्यात काय आहे ते तुला आधी कळावं म्हणून ही चिठ्ठी वेगळी. मी "हो" लिहिलं आहे.

तू सुखात राहावीस एवढंच मला हवं. तुझी आई असती तर काय म्हणाली असती, याचा विचार केला आणि मग सोडून दिला. ती नाही, तू आहेस. पक्कं घर बांध. खिडक्या पूर्वेला ठेव.

लहानपणी त्या झऱ्यावर मी तुझ्या आईला ढकललं होतं आणि तिने वर येऊन माझ्या हाताला चावा घेतला होता. ती खूण अजून आहे. आज का आठवलं कोण जाणे.

मामा

—

मावखार,
गुरुवार, २ डिसेंबर १९९३

दाप,

त्या पाकिटाला कुणीही हात लावायचा नाही! बोर्लांगकडून काढून घे. देत नसेल तर त्याला सांग, मामा तुझे कान धरायला येतोय.

झालं ते थोडक्यात सांगतो. पूर्वेकडचे परीक्षक आजारी पडले आणि सोमवारी त्यांचा गठ्ठा माझ्याकडे आला. वर मौकिर्शाचं नाव पाहून मी तो न उघडता परत करायला हवा होता. केला नाही. म्हटलं, नंबरच तर आहेत. आणि शेवटचा प्रश्न मीच घातला होता, म्हणून उत्तरं वाचायची हौस. काल रात्री भिंग लावून एक्केचाळीस नंबरपर्यंत पोचलो. डावीकडे कललेलं टपोरं अक्षर आपल्या अख्ख्या डोंगरात एकाच डावखुऱ्या मुलीचं आहे. तिच्या हातात पाटी मीच दिली होती. मामीला उठवून तिच्याकडूनही वाचून घेतलं, माझा माझ्या डोळ्यावर विश्वास बसेना. तू लिहिलंयस:

"शलमोनाने मोठ्या राज्यासाठी अक्कल मागितली. माझं राज्य म्हणजे एक घर, एक टेकडी आणि एक झरा. मला त्याच्याएवढी नको. मला फक्त 'नाही' म्हणायची अक्कल दे, अशी की माझं माणूस दुखावणार नाही. टेकडी द्यावी असं मला अजिबात वाटत नाही. ती फुटली तर पाणी जाईल, आणि गेलेलं पाणी चाळीस हजारांत परत येत नाही. पण भावाला गाडी हवी आहे आणि माझ्या मामांना पैशांची गरज आहे. ते कधी मागणार नाहीत. आयुष्यभर त्यांनी दिलंच. मी 'नाही' म्हटलं तर त्यांचा डोळा जाईल. म्हणून मी 'हो' म्हणणार आहे, आणि ते चूक आहे हेही मला कळतंय. देवा, मला पैसे नकोत. काय करायचं ते सांग."

पोरी, मलाही टेकडी द्यायची नाही! कधीच नव्हती! मी तुझ्या पक्क्या घरासाठी "हो" लिहिलं आणि तू माझ्या डोळ्यासाठी "हो" म्हणणार होतीस. दोघं मिळून आपण आईचा झरा बुजवायला निघालो होतो, आणि तेही प्रेमाने.

हे पत्र उद्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो. वेळेवर पोचेल अशी प्रार्थना कर.

द्रोसिंग

—

मौकिर्शा,
१३ डिसेंबर १९९३

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी अजून उशीखाली ठेवते. ते आणि तुम्ही एकाच गाडीतून उतरलात, याला काय म्हणावं! शुक्रवारची गाडी बिघडली, शनिवारी सुटली, आणि तुम्हाला तोवर दम निघाला नाही. ड्रायव्हरने आधी माझ्या हातात पत्र दिलं आणि मग तुमचा हात धरून तुम्हाला उतरवलं. म्हणाला, "टपाल पोचलं, पाठवणाराही पोचला, दोन्हींची सही द्या."

तुम्ही दुसऱ्याच दिवशी परत गेलात, म्हणून तुम्ही येण्याआधी काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. सगळे चुलीभोवती बसले होते. बाह स्टारवेल टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते आणि दादाच्या हातात ते पाकीट होतं. मंडळीचे ज्येष्ठ म्हणून बसान केरोस यांना सुरुवातीची प्रार्थना करायला सांगितलं. त्यांच्या प्रार्थनेला आपण सगळे किती नावं ठेवतो! त्या दिवशी त्यांनी नोहापासून धरली. अब्राहामापर्यंत आले तेव्हा बाह स्टारवेलनी घड्याळ पाहिलं. मोशेला समुद्र ओलांडता ओलांडता चुलीवरचं पाणी आटलं. मी डोळे मिटून म्हणत होते, चालू दे, चालू दे, अजून पुष्कळ संदेष्टे आहेत. त्यांनी "आमेन" म्हटलं आणि दादाने पाकिटाला बोट घातलं, तोच खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी उतरतंय म्हणून मी धावत रस्त्यावर आले, तर तुम्ही.

पुढचं तुमच्यासमोरच झालं. पण तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून लोकांचे चेहरे मी सांगते. तुम्ही चिखलाच्या बुटांनी उंबऱ्यात उभं राहून म्हणालात, "त्या पाकिटात माझी चूक आहे, ती इकडे द्या," आणि पाकीट चुलीत टाकलंत, तेव्हा थेइलिनताई इतक्या मोठ्याने हुश्श म्हणाली की कोंबडी खुराड्यात ओरडली. तिलाही नको होतं, मामा! तिने पेपरात लिहिलं होतं की माझ्या बहिणीला सुबुद्धी दे. म्हणून ती रडत होती. घरात तिघं जण, तिघांनाही नको, आणि तिघंही एकमेकांसाठी "हो" म्हणत होतो.

बाह स्टारवेल मात्र हसले. त्यांनी पान घेतलं आणि म्हणाले, "मी आजवर पैशाला नाही म्हणणारे पाहिले, पण चिखल तुडवत येऊन नाही म्हणणारा पहिलाच." अजून दोन गावं आहेत म्हणाले. त्या गावांसाठी आम्ही रविवारी प्रार्थना केली. बसान केरोस यांनीच केली आणि कुणीही कुरकुरलं नाही.

दादा दोन दिवस इकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "मी खोटं बोललो नाही. तुम्ही दोघं जिथे गप्प बसलात, तिथे मी माझ्या सोयीचं बोललो." मी त्याला भात वाढला. मग तो खूप रडला, आणि दोनदा वाढून घेतला.

मला इतकं हलकं वाटतंय की काय सांगू. रात्री मध्येच उठून झऱ्याचा आवाज ऐकते आणि पुन्हा झोपते.

पण तुमच्या डोळ्याचं काय?

दाप्लिन

—

मावखार,
२२ डिसेंबर १९९३

प्रिय दाप,

डोळ्याचं विचारलंस, तर एक गोष्ट सांगायलाच हवी. ती त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला माझी जीभ वळली नाही.

ऑक्टोबरात बाह स्टारवेल आले तेव्हा नुसती संत्री आणली नव्हती. "मामा, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन गुवाहाटीला मोठ्या डॉक्टरांकडून करवून देतो, सगळा खर्च माझा," असं ते जाता जाता म्हणाले. मी "नको" म्हटलं नाही. "पाहू" म्हटलं. त्या "पाहू"वर मी दोन महिने जगलो. तुला पत्र लिहिताना मनाशी म्हणायचो, हे सगळं भाचीसाठी. निम्मं तुझ्यासाठी होतं, दाप. निम्मं माझ्या डोळ्यासाठी होतं. तीस वर्षं शब्बाथशाळेत शलमोनाने काय मागितलं ते शिकवलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी संत्री सोलत बसलो. मला तुझी क्षमा हवी आहे.

आता हसण्यासारखं. परवा मिशनच्या इस्पितळात सहज गेलो. तिथली नर्स म्हणाली, आजोबा, मोतीबिंदू ना? नंबर लावा, फेब्रुवारीत करू, फार खर्च नाही. चार वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं!

बोर्लांगचा पेपर सतराव्या नंबरचा होता. त्याने लिहिलं होतं, "पिकअप. निळा चालेल." शलमोनाच्या बापाचं नाव बरोबर लिहिलं म्हणून चार गुण दिले आणि खरं लिहिलं म्हणून दोन. मग गठ्ठा तपासून झाल्यावर समितीला पत्र लिहून माझी चूक कबूल केली. त्यांनी मौकिर्शाचे सगळे पेपर दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतले, आणि मला नातेवाइकांच्या पेपरांबद्दल अर्धा तास समजावून सांगितलं.

मामा

—

मौकिर्शा,
९ जानेवारी १९९४

प्रिय मामा,

क्षमा कसली मागता? मी एवढं मोठं "नाही" मनात ठेवून "हो" लिहिलं, त्याची क्षमा कुणाकडे मागू? आपण दोघंही नापास, आणि दोघंही वरच्या वर्गात ढकललेले. पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. मी पत्र वाचून थोडा वेळ रागावले होते. मग चहा ठेवला, तो उकळेपर्यंत राग संपला होता.

टेकडीच्या पलीकडच्या उताराला दादा झाडूचं गवत लावतोय. नफ्यात निम्मा वाटा त्याचा. गाडी यायला पाच वर्षं लागतील म्हणतो, रंग मात्र आतापासून ठरलेला आहे. भिंतीची वाळवी लागलेली फळी ताईच्या नवऱ्याने बदलून दिली. पक्कं घर मला कधी नकोच होतं.

निकाल लागला. दुसऱ्या परीक्षकांनी मला वीसपैकी नऊ दिले. शेरा आहे: "उत्तर प्रश्नाला धरून नाही. घरगुती गोष्टी फार." तुम्ही किती दिले होतेत?

ऑपरेशनच्या आधी कळवा. मूठभर तांदूळ रोज बाजूला काढते ते मंडळीसाठी असतात, पण तुमच्यासाठी रोजची एक प्रार्थना वेगळी काढते.

दाप्लिन

—

मावखार,
३ मार्च १९९४

प्रिय दाप,

हे पत्र मी भिंगाशिवाय लिहितोय. काल पट्टी सोडली. आधी मामी दिसली. चार वर्षांत ती बरीच म्हातारी झाली आहे, हे मी तिला सांगितलं, आणि तिने मला सांगितलं की आता तुम्ही डोळे मिटा. दुसरा मोजा पूर्ण झाला आहे, सोबत पाठवतोय. आता पत्र लिहायला तुला नवं कारण शोधावं लागेल.

समितीने तुझा पेपर आठवण म्हणून मला ठेवू दिला. आज सकाळी खिडकीत बसून तो पुन्हा वाचला. मी वीसपैकी वीस दिले होते. ते आता चालत नाहीत, पण तसेच ठेवणार आहे.

आणि मग अगदी तळाला, कागदाच्या काठाला, पेन्सिलीने लिहिलेली एक पुसट ओळ दिसली. ती मला डिसेंबरात दिसलीच नव्हती. मामीलाही नाही, तिने चष्मा लावला नव्हता. तू लिहिलंयस: "परीक्षकांना नम्र विनंती, हे उत्तर कृपा करून माझ्या मामांना कधीही कळू देऊ नये."

दाप, मी नियमाचा माणूस. ती ओळ तेव्हा दिसली असती, तर तुझ्या विनंतीला मान देऊन मी पेपर मिटला असता, गठ्ठ्यात ठेवला असता आणि गप्प बसलो असतो. शनिवारी पाकीट फुटलं असतं. ज्या डोळ्यासाठी मी टेकडी द्यायला निघालो होतो, तो डोळा अधू होता म्हणून टेकडी राहिली.

आता मला सगळं स्वच्छ दिसतंय. पाऊस थांबला की येतो झऱ्यावर. मला ढकलू नकोस.

खुब्लेइ. देव तुझं भलं करो.

तुझा मामा,
द्रोसिंग